वसतिगृहाची खोली आणि मनाचे दुखणे

(तळोदा येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



जमीन, मजुरी, रोजगार हमी, वनहक्क, विस्थापन हे तळोद्याच्या बैठकांचे नेहमीचे विषय. महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलामुलींच्या मनःस्वास्थ्याचा विषय अभ्यासवर्गाच्या पत्रिकेवर पाहून काही जुन्या कार्यकर्त्यांच्या कपाळावर आठी उमटली असेल, तर ते स्वाभाविकच आहे. हा शहरी, सुखवस्तू कुटुंबांचा विषय. ज्याचे पोट भरलेले त्यालाच मन नावाची चैन परवडते, अशी एक समजूत समाजवादी आणि डाव्या वर्तुळांत पूर्वापार चालत आली आहे. शासनाची आणि संस्थाचालकांची समजूत याच्या नेमकी उलट. विद्यार्थी खचला, तर बिघाड त्याच्या मनात आहे. एक समुपदेशक नेमावा, भिंतीवर एक फलक लावावा, की कर्तव्य संपले. या दोन्ही समजुती अर्ध्या आहेत, आणि त्यांच्या मधल्या फटीत मुले हरवत आहेत.

किती हरवत आहेत, याचा हिशेब सरकारच्याच कागदांत आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. २०२३ साली हा आकडा १३,८९२ झाला. यात शाळेतली मुलेही आली. २०२२ च्या यादीत राज्यवार पहिला क्रमांक महाराष्ट्राचा होता. त्याच वर्षी शेतकरी आणि शेतमजूर मिळून ११,२९० जणांनी जीवन संपवल्याची नोंद आहे. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांवर या पक्षाने मोर्चे काढले, परिषदा घेतल्या, ठराव केले, आणि ते योग्यच होते. परंतु विद्यार्थ्यांचा आकडा त्याहून मोठा आहे, हे किती शाखांच्या टिपणवहीत नोंदले गेले? दुःखांची आपसात स्पर्धा लावण्याचा येथे हेतू नाही. पुष्कळदा दोन्ही दुःखे एकाच घरातली असतात: बाप शेतात आणि मुलगा वसतिगृहात.

तळोद्याच्या महाविद्यालयात येणारा विद्यार्थी कोण आहे, हे आधी पाहिले पाहिजे. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याच्या लोकसंख्येत आदिवासींचे प्रमाण सुमारे ६९ टक्के आहे, आणि साक्षरता ६४ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे राज्याच्या सरासरीहून जवळजवळ १८ टक्क्यांनी कमी. २०२१ साली नीती आयोगाने बहुआयामी दारिद्र्याची मोजणी प्रसिद्ध केली, तेव्हा महाराष्ट्रात हाच जिल्हा सर्वांत तळाशी होता. तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी या तीन तालुक्यांचा आदिवासी विकास प्रकल्प तळोद्यातून चालतो. त्यामुळे सातपुड्याच्या डोंगरातून खाली उतरणाऱ्या मुलांचे हे पहिले शहर. शहादे-तळोद्याच्या ज्या मजुरांनी अंबरसिंग महाराजांबरोबर आणि १९७२ पासून श्रमिक संघटनेच्या झेंड्याखाली गहाण गेलेल्या जमिनी परत मागितल्या, त्यांची नातवंडे आता पदवीच्या वर्गात बसतात. नर्मदाकाठची गावे बुडाल्यावर तळोदा तालुक्यात ज्या पुनर्वसन वसाहती उभ्या राहिल्या, तेथील मुलेही याच वर्गात आहेत. घरात पदवीपर्यंत पोहोचलेले ते बहुधा पहिलेच माणूस असते.

पहिलेपणाचे कौतुक सत्कारसमारंभात होते. त्याचे ओझे मात्र कोणी मोजत नाही. अर्थशास्त्रात जोखमीची विभागणी असा एक साधा विचार आहे. सुस्थित कुटुंबातला मुलगा एका परीक्षेत नापास झाला, तर घरची शेती असते, दुकान असते, मामाची ओळख असते, पुढच्या वर्षाचे शुल्क असते. त्याच्या अपयशाचा भार दहा जागी वाटला जातो. पाड्यावरच्या कुटुंबाने मात्र सारा डाव एका मुलावर लावलेला असतो. धाकट्या बहिणीने शाळा सोडली ती याच्यासाठी, दोन बकऱ्या विकल्या त्या याच्यासाठी, दिवाळीनंतर आईबाप दक्षिण गुजरातेत ऊसतोडीला गेले तेही पुष्कळसे याच्याच खर्चासाठी. असा मुलगा पहिल्या वर्षी इंग्रजीत नापास होतो, तेव्हा गुणपत्रिका एकाची असली तरी नापास सारे घर झालेले असते. ही गोष्ट तो कोणाला सांगणार? घरी सांगायची सोय नाही, कारण घरच गावी नाही. दिवाळीच्या सुट्टीत वसतिगृह रिकामे करायचे, आणि पाड्यावर जावे तर दाराला कुलूप.

त्यात भाषेची गोष्ट आहे. घरी भिली, पावरी, मावची किंवा आणखी एखादी बोली. बाजारात अहिराणी नाहीतर गुजराती. वर्गात पुस्तकी मराठी. आणि विज्ञान शाखेत गेले की इंग्रजी. २०११ च्या जनगणनेत भिली आणि तिच्या बोली मातृभाषा म्हणून सांगणारे एक कोटीहून अधिक लोक आहेत. तरीही ही भाषा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत नाही. चौथ्या भाषेत उत्तर लिहिता येणे कठीण, हे शिक्षकांना समजते. परंतु चौथ्या भाषेत आपले दुःख सांगता येणे त्याहून कठीण, हे कोणाच्या ध्यानात येत नाही. ‘काय होतंय?’ या प्रश्नाला ‘काही नाही, सर’ असे उत्तर जे वारंवार येते, त्यात लाज किती आणि भाषा किती, याचा शोध घेण्यासारखा आहे.

वसतिगृहाचा प्रश्न येथे येतो, आणि त्यावर थोडे थांबणे आवश्यक आहे. महाराष्ट्रात बहुजनांच्या शिक्षणाचा इतिहास हा मुख्यतः वसतिगृहांचा इतिहास आहे. शाहू महाराजांनी १९०१ साली कोल्हापुरात मराठा विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले आणि पुढे एकेका जातिधर्मासाठी वसतिगृहांची रांग उभी केली. भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींची मुले एका छपराखाली आणली. खानदेशापुरते बोलायचे तर अमळनेरचे छात्रालय डोळ्यांपुढे येते. साने गुरुजी १९२४ साली तेथल्या प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले आणि छात्रालयाचे काम त्यांच्याकडे आले. मुलांच्या खोल्या झाडणे, आजारी मुलाच्या उशाशी रात्र काढणे, मुलांसाठी हाताने लिहिलेले दैनिक काढणे ही कामे त्यांनी १९३० पर्यंत, म्हणजे कायदेभंगाच्या लढ्यात उतरेपर्यंत केली. या सेवेच्या कथा सांगून डोळे ओले करण्याची आपल्याकडे पद्धत आहे. परंतु त्यातला व्यवहाराचा भाग लक्षात घेण्याजोगा आहे. मुलगा जेवला नाही, झोपला नाही, दोन दिवस गप्प आहे, हे ज्याला त्याच दिवशी कळते असा एक वडीलधारा माणूस मुलांच्या राहण्याच्या जागीच असावा, अशी ती व्यवस्था होती. आज ज्याला मनःस्वास्थ्याची प्राथमिक देखभाल म्हणतात, तिची ही पहिली पायरी.

आजच्या शासकीय वसतिगृहात ही पायरी कोठे आहे? गृहपाल आहे, पण त्याच्या पाठीवर हजेरी, खरेदी, देयके आणि संगणकावर भरायची माहिती यांचा बोजा आहे, आणि कित्येकदा एकाच माणसाकडे दोन वसतिगृहांचा कार्यभार असतो. या संदर्भात २०१८ सालचा एक निर्णय आठवण्यासारखा आहे. आदिवासी विकास विभागाने त्या वर्षी वसतिगृहांतील खानावळी बंद करून भोजनाची रक्कम विद्यार्थ्यांच्या बँक खात्यात जमा करण्याचे ठरवले. कागदावर हे आकर्षक होते: ठेकेदार गेला, भ्रष्टाचार गेला, मुलाला निवडीचे स्वातंत्र्य मिळाले. विद्यार्थ्यांनी मात्र विरोध केला, आणि जुलै २०१८ मध्ये पुण्याहून नाशिकच्या आदिवासी आयुक्तालयाकडे त्यांची पायी पदयात्रा निघाली. त्यांचे म्हणणे सरळ होते. पैसे वेळेवर येत नाहीत. आले तर घरची निकड ते आधी ओढून नेते. आणि तालुक्याच्या गावी त्या रकमेत दोन वेळचे पोटभर अन्न मिळत नाही. भाववाढीचा बोजा शासनाच्या खांद्यावरून विद्यार्थ्याच्या ताटात उतरवण्याचा तो मार्ग होता, हे अर्थशास्त्राचा पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही सांगू शकेल.

परंतु त्या मागणीत आणखी एक गोष्ट होती आणि ती फारशी बोलली गेली नाही. खानावळ म्हणजे दिवसातून दोनदा सर्वांनी एकमेकांना पाहण्याची जागा. पंगतीत कोण आला नाही हे दिसते. खानावळ मोडली की प्रत्येक जण आपापल्या खोलीत, आपापल्या स्टोव्हपाशी, आपापल्या बिस्किटाच्या पुड्यापाशी. एमिल दुर्खीम या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने १८९७ साली आत्महत्येवरच्या आपल्या ग्रंथात मांडले, की माणसाचे समूहाशी असलेले धागे तुटतात तेथे हा धोका वाढतो. सव्वाशे वर्षांत त्या ग्रंथावर पुष्कळ टीका झाली, तरी हे मध्यवर्ती निरीक्षण टिकून आहे. म्हणून खानावळीची मागणी ही निव्वळ अन्नाची मागणी समजू नये. ती मुलांना एकटे न पाडण्याची मागणी आहे.

शिष्यवृत्तीचेही तसेच. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा खर्च केंद्र आणि राज्य मिळून करतात, अर्ज संकेतस्थळावर भरायचा असतो, आणि रक्कम पुष्कळदा वर्ष संपत आल्यावर हाती पडते. अधिकाऱ्याच्या दृष्टीने तो ‘प्रलंबित हप्ता’ असतो. मुलीच्या दृष्टीने तो खोलीमालकाचा रोजचा टोमणा असतो, मैत्रिणीकडून उसने घेतलेले तीनशे रुपये असतात, आणि शुल्क थकले म्हणून परीक्षेचे प्रवेशपत्र मिळेल की नाही ही धाकधूक असते. चिंता हा शब्द वैद्यकाच्या पुस्तकात येण्याआधी सावकाराच्या वहीत आलेला आहे.

आणि अपमान. या शब्दाशिवाय आदिवासी विद्यार्थ्यांच्या मनःस्वास्थ्याची चर्चा पुरी होत नाही. २२ मे २०१९ रोजी मुंबईत डॉ. पायल तडवी या तरुण डॉक्टरने जीवन संपवले. ती याच खानदेशातली, जळगावच्या तडवी भिल्ल समाजातली. मिरजेला वैद्यकीय पदवी घेऊन स्त्रीरोगशास्त्राच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी ती मुंबईच्या टोपीवाला राष्ट्रीय वैद्यकीय महाविद्यालयात गेली होती. जातीवरून आणि राखीव जागेवरून वरिष्ठांनी तिचा सतत पाणउतारा केला, असा आरोप झाला आणि तीन वरिष्ठ महिला डॉक्टरांवर गुन्हा दाखल झाला. आरोपांचा निवाडा हे न्यायालयाचे काम आहे. कार्यकर्त्याने त्यातून घ्यायचा बोध निराळा आहे. तिची आई आबेदा तडवी आणि हैदराबाद विद्यापीठात १७ जानेवारी २०१६ रोजी मृत्यू पावलेल्या रोहित वेमुलाची आई राधिका वेमुला या दोघी २०१९ साली एकत्र सर्वोच्च न्यायालयात गेल्या. २०१२ सालीच विद्यापीठ अनुदान आयोगाने समतेसंबंधीचे विनियम केले होते. प्रत्येक संस्थेत समान संधी कक्ष असावा, भेदभावाच्या तक्रारींची दखल घेतली जावी, असे त्यात म्हटले होते. त्यांची अंमलबजावणी मागण्यासाठी मुले गमावलेल्या दोन बायकांना दिल्लीचे दार ठोठवावे लागले. तळोदा, शहादा, नंदुरबारच्या महाविद्यालयांत असा कक्ष आहे का, त्याचे सदस्य कोण, त्याची बैठक कधी झाली, हे विचारायला मात्र दिल्लीस जावे लागत नाही.

येथवरचे विवेचन ऐकून जुना कार्यकर्ता समाधानाने मान डोलावील. प्रश्न सामाजिक आहे, आर्थिक आहे. व्यवस्था बदला, मन आपोआप ताळ्यावर येईल, असा अर्थ तो काढील. येथेच त्याला अडवले पाहिजे. पोटभर जेवण, वेळेवर शिष्यवृत्ती आणि सन्मान मिळूनही एखादा मुलगा आजारी पडू शकतो. विषाद हा आजार आहे. भास होणे, संशयाने पछाडले जाणे, आठवडेच्या आठवडे झोप न येणे हे आजार आहेत, आणि त्यातले गंभीर आजार बहुधा याच वयात, महाविद्यालयाच्या उंबरठ्यावर प्रथम डोके वर काढतात. ‘क्रांतीनंतर पाहू’ हे उत्तर हिवतापाला जसे देता येत नाही, तसे यालाही देता येणार नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दिसले, की निरनिराळ्या मानसिक आजारांत सुमारे ७० ते ९२ टक्के लोकांना उपचारच मिळत नाहीत. हा आकडा उपचार नाकारणाऱ्यांचा म्हणून पाहू नये. दवाखान्यापर्यंत पोहोचूच न शकणाऱ्यांचा म्हणून तो पाहावा. दवाखान्याचे अंतर हा सातपुड्यात राजकीय प्रश्न आहे, आणि मनाच्या दवाखान्याचे अंतर त्याहून मोठे आहे.

समाजवाद्यांना या बाबतीत स्वतःच्या घरातही पाहावे लागेल. साने गुरुजींनी ११ जून १९५० रोजी स्वतःच्या हाताने आपले जीवन संपवले. त्याची कारणे शोधण्याचा अधिकार आज कोणाला नाही, आणि त्या निर्णयाभोवती उदात्ततेचे वलय रचणे तर सर्वस्वी अनुचित. पण एवढे म्हणता येईल, की शेकडो मुलांच्या उशाशी बसलेल्या या माणसाभोवती माणसांचा मोठा गोतावळा होता, आणि तरीही त्यांच्या मनात चाललेले थांबवता आले नाही. हळवेपणाचे कौतुक करणारी चळवळ हळव्या माणसाची काळजी घेतेच असे नाही. आजही शिबिरात सतरंज्या उचलणाऱ्या, रात्रभर पत्रके चिकटवणाऱ्या पोराला ‘तुझे बरे चालले आहे ना?’ असे विचारणारे किती असतात?

डोंगरातल्या माणसाला मनाच्या दुखण्याची जाणीव नसते, असेही कोणी समजू नये. दिवाळीत अस्तंब्याच्या यात्रेला जाणारे तरुणांचे जथे तळोद्यावरूनच जातात. कपाळावरची भळभळती जखम घेऊन तेल मागत फिरणारा अश्वत्थामा त्या शिखरावर आहे, अशी या मुलखाची श्रद्धा. न भरणारी जखम घेऊन माणूस जगत राहतो आणि तिच्यावर घालायला तेल दुसऱ्यापाशी मागावे लागते, हे येथल्या लोकांना कोणी शिकवण्याची गरज नाही. मन बिघडले की माणसे भगताकडे जातात. त्यांना अडाणी म्हणून हिणवण्यात अर्थ नाही, कारण भगत जवळ असतो, त्यांच्या भाषेत बोलतो आणि ऐकून घेतो. या तीनही गोष्टी सरकारी दवाखान्यात दुर्मिळ आहेत. मात्र त्याच वाटेवर कोणा विधवेला डाकीण ठरवले जाते, कोणाला मारहाण होते, आणि उपचाराचे महत्त्वाचे महिने वाया जातात. गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यातील उनावा येथे मीरा दातार दर्ग्यात २००८ पासून एक मधला मार्ग चालवला गेला: दर्ग्यातल्या मुजावरांनाच आजार ओळखायला शिकवायचे, त्यांनी दुवा द्यावी आणि रुग्णाला शेजारी बसलेल्या डॉक्टरकडेही पाठवावे. दवा आणि दुवा असे त्याचे नावच पडले. विवेकवाद्यांना हे पूर्ण पटणार नाही. परंतु रुग्ण साखळीतून सुटून औषधापर्यंत पोहोचतो, याचे मोल मान्य करावे लागेल.

आता समुपदेशकाच्या मागणीकडे वळता येईल. सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी, सुकदेब साहा यांच्या याचिकेवर निकाल देताना, देशातील सर्व शिक्षणसंस्थांसाठी पंधरा निर्देश दिले. कायदा होईपर्यंत ते बंधनकारक आहेत. शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेत निदान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता असावा. लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर संबंध ठेवावा. सर्व शिक्षकांना आणि कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण द्यावे. अनुसूचित जाती-जमातींच्या आणि इतर वंचित घटकांतील विद्यार्थ्यांशी संवेदनशीलतेने कसे वागावे, हे त्यांना शिकवावे. मदतीचे दूरध्वनी क्रमांक वसतिगृहात व वर्गात ठळक अक्षरांत लावावेत. आणि या सर्वांवर देखरेख ठेवण्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली समिती असावी. त्याआधी मार्च २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने उच्च शिक्षणातील विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांचा अभ्यास करण्यासाठी माजी न्यायमूर्ती रवींद्र भट यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय कृतिदल नेमले. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने तर सरकारी खर्चाने चालणारी मानसिक आरोग्यसेवा मिळणे हा प्रत्येकाचा हक्कच ठरवला आहे. कागदाची बाजू, थोडक्यात, भक्कम आहे.

कागद महाविद्यालयाच्या आवारात शिरला की त्याचे काय होते, हे मात्र ज्यांनी आयुष्य त्या आवारात काढले त्यांना चांगले ठाऊक आहे. मूल्यांकन समिती यायची असली की ‘मार्गदर्शक-विद्यार्थी योजना’ नावाची नोंदवही एका रात्रीत भरली जाते. वीस मुलांची नावे एकेका प्राध्यापकाच्या खात्यावर लिहिली जातात, भेटींच्या तारखा मागच्या टाकल्या जातात, आणि मुलांना आपला मार्गदर्शक कोण याचा पत्ताही नसतो. यात प्राध्यापकांना दोष देऊन भागणार नाही. वर्षानुवर्षे पदभरती अडवून ठेवल्यामुळे ग्रामीण महाविद्यालयांचे कितीतरी वर्ग तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांवर चालतात. ज्याला शिकवलेल्या तासाचेच पैसे मिळतात, उन्हाळ्यात काहीच मिळत नाही आणि जूनमध्ये पुन्हा नेमणूक होईल की नाही हे माहीत नसते, त्याने तास संपल्यावर कोणाच्या दुःखापाशी बसावे, ही अपेक्षाच क्रूर आहे. त्याच्या स्वतःच्या मनःस्वास्थ्याची चौकशी कोण करणार? समुपदेशकही याच तत्त्वावर, अकरा महिन्यांच्या करारावर, तीन महाविद्यालयांत मिळून एक असा नेमला गेला, तर तो ज्या दिवशी येईल त्या दिवशी मुलाने दुःखी व्हावे, अशी सोय होईल. शिक्षकांच्या कायम नेमणुकांची मागणी आणि विद्यार्थ्यांच्या मनःस्वास्थ्याची मागणी या दोन संघटनांच्या दोन वेगळ्या मागण्या म्हणून मांडू नयेत, असे सुचवण्याचे कारण हेच.

दुसरा आक्षेप नेहमी येतो: सातपुड्याच्या पायथ्याशी एवढे मानसशास्त्रज्ञ आणायचे कोठून? जिल्ह्याला २०२० पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळाले आहे, गंभीर रुग्णांसाठी तेथवरचा रस्ता खुला असला पाहिजे. परंतु प्रत्येक उदास मुलाला मनोविकारतज्ज्ञाची गरज नसते, आणि जगाच्या दोन-तीन कोपऱ्यांत गरीब लोकांनी या आक्षेपाला उत्तर दिलेले आहे. झिंबाब्वेची राजधानी हरारे येथे डॉ. डिक्सन चिबांडा यांनी २००६ साली दवाखान्याबाहेरच्या बाकांवर वस्तीतल्या आज्या बसवल्या. त्यांना प्रश्न सोडवण्याच्या पद्धतीचे थोडे प्रशिक्षण दिले. तिथल्या शोना भाषेत ‘फार विचार करणे’ या अर्थाचा जो शब्द आहे, ‘कुफुंगिसिसा’, तोच त्यांनी आजाराचे नाव म्हणून वापरला. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या शास्त्रीय चाचणीत या आज्यांकडे गेलेल्यांची प्रकृती नेहमीची सेवा मिळालेल्यांपेक्षा स्पष्टपणे अधिक सुधारलेली दिसली. शेजारच्या गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि १९९६ साली स्थापन झालेली ‘संगथ’ ही संस्था यांनी पदवीचे वैद्यकीय शिक्षण नसलेल्या स्थानिक माणसांना समुपदेशनाचे काम शिकवले आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांत ते यशस्वी होऊ शकते, हे दाखवून दिले. आणि इतके लांब जायचे नसेल तर नाशिक जिल्हा आहे. तेथील ग्रामीण भागात ‘आत्मीयता’ या उपक्रमाने गावातल्याच स्वयंसेवकांना दुःखी माणूस ओळखायला, त्याचे ऐकून घ्यायला, त्याला सरकारी योजनेशी जोडून द्यायला आणि आजार मोठा दिसला तर डॉक्टरकडे न्यायला शिकवले. योजनेशी जोडून देणे हा त्यातला भाग समाजवाद्यांनी विशेष लक्षात घ्यावा. विधवेचे निवृत्तिवेतन सुरू करून देणे हाही मनावरचा उपचार असू शकतो, हे तेथे मान्य झालेले आहे.

तळोद्यात याचे रूप काय होईल? भिली आणि पावरी बोलणारे, याच भागातून पदवीधर होऊन नोकरीविना बसलेले तरुण-तरुणी शेकड्यांनी आहेत. समाजकार्याची पदवी घेतलेलेही त्यांत आहेत. त्यांना रीतसर प्रशिक्षण द्यावे, कायम पदे निर्माण करावीत, आणि प्रत्येक आदिवासी वसतिगृहात गृहपालाच्या जोडीला एक असा माणूस राहण्यासाठीच द्यावा, की ज्याच्याकडे देयकांच्या वह्या नसतील. मुलींच्या वसतिगृहात ती स्त्रीच असली पाहिजे, हे वेगळे सांगायला नको. मुलींची दुःखे निराळी असतात. घरचे लग्नाची घाई करतात तेव्हा शिक्षण सुटण्याची भीती, बसथांब्यावरची छेडछाड, आणि झालेल्या अत्याचाराविषयी बोलले तर घरचे परत बोलावतील म्हणून धरलेले मौन. हे पुरुष गृहपालाच्या टेबलासमोर उभे राहून सांगितले जात नाही. आणि जे सांगितले जाईल ते गुप्त राहील, प्राचार्यांच्या कानावर जाणार नाही, हा विश्वास नसेल तर पगारी माणूसही व्यर्थ आहे.

यात पैसा लागेल, हे खरे. पण आदिवासी उपयोजनेच्या नावाने निधी राखून ठेवला जातो आणि तो दरवर्षी पुरता खर्चही होत नाही, अशी तक्रार जुनीच आहे. तेव्हा पैशाअभावी हे अशक्य आहे, हे उत्तर कोणी सहज देऊ नये.

दरम्यान, पद निर्माण होईपर्यंत कार्यकर्त्याने हात बांधून बसण्याचे कारण नाही. संकटातला मुलगा प्रथम मित्राला सांगतो, आणि मित्र घाबरून त्याला ‘वेड्यासारखे बोलू नकोस’ म्हणून गप्प करतो. मरणाचा विषय काढला तर तो विचार बळावतो, अशी भीती सर्वत्र आहे, आणि ती खरी नाही. शांतपणे सरळ विचारल्याने माणसाला बोलण्याची वाट मिळते. ऐकून घ्यावे, उपदेश करू नये, त्या रात्री त्याला एकटे सोडू नये, आणि दुसऱ्या दिवशी स्वतः बरोबर जाऊन दवाखान्यात पोहोचवावे. १० ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलि-मानस’ ही सरकारी सेवा चालू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र कधीही फोन करता येतो आणि त्याचे पैसे पडत नाहीत. हा क्रमांक पक्षाच्या शाखेच्या फळ्यावर, बसस्थानकावर आणि वसतिगृहाच्या खानावळीत लिहिलेला असावा.

आणि पुढची बैठक होण्यापूर्वी प्रत्येक शाखेने आपल्या भागातल्या महाविद्यालयात आणि वसतिगृहात जाऊन काही साधी चौकशी करावी. विद्यार्थी किती, समुपदेशक आहे का, तो कोणत्या वारी येतो आणि मुलांची भाषा त्याला येते का. मागच्या वर्षीची शिष्यवृत्ती किती जणांच्या खात्यावर कोणत्या महिन्यात आली. भोजन ताटात मिळते की खात्यात. समान संधी कक्षाकडे गेल्या वर्षात किती तक्रारी आल्या. मुले निनावी बोलतील, त्यांची नावे कोठेही लिहू नयेत. ही माहिती घेऊन जिल्हाधिकाऱ्यांच्या देखरेख समितीला लेखी विचारावे, की समिती स्थापन झाली आहे काय, आणि झाली असल्यास तिच्यात आदिवासी विद्यार्थ्यांचा प्रतिनिधी कोण. प्रत तळोद्याच्या प्रकल्प अधिकाऱ्यांना द्यावी, आणि पोचपावती घेतल्याशिवाय तेथून उठू नये.